दप्तरात सापडलेलं व्हेप आणि समितीची फेरी

पत्र:

आमच्या भागाच्या आरोग्य समितीत मी पालकांची प्रतिनिधी आहे. शाळेतली मुलं व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, ओढतात अशा तक्रारी वाढल्या, म्हणून समितीने कार्यक्रम आखला. ३१ मेला, जागतिक तंबाखूविरोधी दिनी, फेरी. सामूहिक शपथ. काळ्या पडलेल्या फुप्फुसांची चित्रं दाखवणारं व्याख्यान. अचानक दप्तरतपासणी, आणि जो सापडेल तो आठवडाभर शाळेबाहेर. या शेवटच्या मुद्द्याला सगळ्यात आधी मीच हात वर केला होता. त्यानंतर बारा दिवसांनी माझ्याच मुलाच्या दप्तरात मार्करसारखी दिसणारी एक वस्तू सापडली. तो १५ वर्षांचा आहे. आधी म्हणाला, मित्राची आहे. मग म्हणाला, यात नुसता फ्लेवर असतो, निकोटिन नसतं. मी खूप ओरडले. शेवटी तो रडायला लागला आणि म्हणाला, "मी दोनदा सोडून बघितलं, आई." ती वस्तू माझ्या कपाटात आहे. त्याच्या बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. मी समिती सोडावी का? मुलाशी काय बोलू? आणि आम्ही आखलंय त्याचा खरंच काही उपयोग होतो का?
— एक आई

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. ते वाक्य तुमचं नाही, मुलाचं आहे. "मी दोनदा सोडून बघितलं." त्या मुलाने रडत रडत स्वतःच्या आजाराचं निदान तुमच्या हातात ठेवलं आहे.

हे मी तुमची समजूत घालायला म्हणत नाही. किशोरवयीन मुलांमधलं निकोटिनचं व्यसन ओळखायला डॉक्टर जोसेफ डिफ्रान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा प्रश्नांची एक छोटी यादी तयार केली. दिवसातून किती वेळा ओढतोस, हा प्रश्न त्यात नाहीच. सोडायचा प्रयत्न केलास आणि जमलं नाही, असं झालं का? अनावर तलफ येते का? ओढायला मनाई असते तिथे लक्ष लागत नाही, चिडचिड होते, असं होतं का? दहापैकी एका प्रश्नाचं उत्तर जरी "हो" आलं, तरी लगाम मुलाच्या हातातून थोडा सुटला असं समजायचं. तुमच्या मुलाने पहिल्या प्रश्नाचं उत्तर न विचारता देऊन टाकलं आहे.

आता "नुसता फ्लेवर". तो खोटं बोलला असेल किंवा त्याला खरंच तसं वाटत असेल. दुसरी शक्यता मी बरीच वर्षं मुलांबरोबर काम करताना इतक्या वेळा पाहिली आहे की आधी तीच धरून चालते. आतल्या द्रवात बहुतेक वेळा प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायनं आणि निकोटिन असतं. तापलेली तार त्याचा फवारा करते. मुलं त्याला वाफ म्हणतात, पण फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन आणि निकेल, शिसं यांसारख्या धातूंचे कण त्यात सापडलेले आहेत. सगळ्यात मोठी फसगत मात्र निकोटिनचीच होते. पूर्वीच्या द्रवातलं निकोटिन जास्त प्रमाणात असलं की घशाला झोंबायचं, पहिल्याच झुरक्याला खोकला यायचा, आणि पुष्कळ मुलं तिथेच थांबायची. मग त्यात बेन्झोइक आम्लासारखी आम्लं मिसळून निकोटिनचे क्षार वापरायला लागले. २०१५ साली अमेरिकेत आलेल्या जूल या उपकरणाने ही पद्धत घरोघरी नेली. झोंबणं गेलं, मात्रा मात्र वाढली. त्याच्या एका लहानशा पॉडमध्ये, म्हणजे द्रवाच्या कुपीत, साधारण वीस सिगारेटींच्या पाकिटाइतकं निकोटिन असतं, असं खुद्द कंपनीच सांगायची. घशाला काहीच लागत नाही म्हटल्यावर यात निकोटिन नाही असं एखाद्या मुलाला वाटलं, तर त्यात त्याचा मूर्खपणा नाही. वस्तू तशीच बनवलेली आहे.

ओढलेलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि दोनेक तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. पोचायला इतका थोडा वेळ आणि उतरायलाही इतका थोडा वेळ, त्यामुळे मेंदू लवकर शिकतो: आत्ता घेतलं की आत्ता बरं वाटतं. माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि लक्ष देणं, शिकणं, मोह आवरणं हे सांभाळणारा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो. त्याच वयात ही शिकवणी सुरू झाली की ती खोल रुजते. तेव्हा दोनदा सोडून पुन्हा ओढणारा तुमचा मुलगा कमजोर मनाचा आहे, हे डोक्यातून काढून टाका. दोनदा, एकट्याने, कुणालाही न सांगता प्रयत्न करणारं पोर आहे ते.

त्याच्याशी काय बोलायचं? आधी ओरडण्याबद्दल माफी मागा. लांबण लावू नका. "घाबरले म्हणून ओरडले, तसं करायला नको होतं" एवढं पुरे. मग विचारा की सोडलं होतंस तेव्हा किती दिवस टिकलं आणि परत कधी घेतलंस. तो सांगेल ते मध्येच न तोडता ऐका. कुठे घेतो, कोणाबरोबर घेतो, सकाळी उठल्या उठल्या लागतं का, याची उत्तरं त्या बोलण्यातूनच येतील. कोण पुरवतं हे पहिल्या दिवशी विचारू नका. तो प्रश्न आला की मुलाला वाटतं आई चौकशीला बसली आहे, आणि दार बंद होतं.

मोठी माणसं सिगारेट सोडायला हेच वापरतात, असं तो म्हणू शकेल. ते खोटं आहे असं सांगू नका, कारण ते खरं आहे. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांना ती सोडायला निकोटिनयुक्त ई-सिगारेटची मदत होते, असं कॉक्रेन या संस्थेने अनेक अभ्यास एकत्र तपासून मांडलं आहे. पण ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही, अशा १५ वर्षांच्या मुलाला त्यातून काय सुटायचं आहे? त्याला फक्त नवं काहीतरी लागतं. इतकं सरळ बोललात तर पुढचंही तो ऐकेल. एक गोष्ट तुम्ही वाढवून सांगितल्याचं त्याच्या लक्षात आलं, तर बाकीच्या नऊ खऱ्या गोष्टीही वाया जातील.

सोडण्याचा दिवस त्याला ठरवू द्या. परीक्षेच्या आठवड्यातला नको. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात: चिडचिड, झोप न लागणं, डोकं दुखणं, कशात मन न रमणं. नंतर त्रास उतरत जातो आणि दोन ते चार आठवड्यांत बराचसा निवळतो. हे त्याला आधीच माहीत हवं, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याला वाटेल की मी आता कायमचा असाच राहणार. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ हात, तोंड आणि जागा बदलायची. चालायला जायचं, गार पाणी प्यायचं, कुणाला तरी फोन लावायचा. त्या पहिल्या तीन दिवसांत तो तुमच्यावर खेकसला तर उद्धटपणाचा हिशेब पुढे ढकला.

डॉक्टरांकडे नक्की न्या. निकोटिनची चिकटपट्टी किंवा गम या वयात द्यायचं की नाही, हे व्यसनाची तीव्रता बघून डॉक्टर ठरवतील. घरच्या घरी आणून देऊ नका. व्हेपिंग सोडण्यासाठी तरुणांवर औषधांचे चांगले प्रयोग आता कुठे होत आहेत. २०२५ साली १६ ते २५ वयाच्या मुलामुलींवर केलेल्या एका चाचणीत व्हॅरेनिक्लिन हे सिगारेट सोडवण्यासाठी वापरलं जाणारं औषध घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के उपचाराच्या शेवटच्या महिन्यात व्हेपपासून पूर्ण दूर राहिले, तर खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १४ टक्के. तुमचा मुलगा त्या वयाच्या खालचा आहे, म्हणून हे त्याला लागू आहे असं समजू नका. सांगायचं एवढंच की यावर उपचार आहेत.

औषधाशिवायचाही एक पुरावा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत 'धिस इज क्विटिंग' नावाचा मोफत कार्यक्रम निघाला. त्यात मुलांना मोबाइलवर रोज छोटे संदेश यायचे, त्यातले बरेचसे सोडलेल्या इतर मुलांनीच लिहिलेले. १३ ते १७ वयाच्या मुलांवर त्याची रीतसर चाचणी झाली. सात महिन्यांनी संदेश मिळालेल्यांपैकी ३७.८ टक्के मुलं व्हेपपासून दूर होती आणि न मिळालेल्यांपैकी २८ टक्के. रोज येणाऱ्या छोट्या संदेशांनी हा फरक पडला. रोज "आज कसं चाललंय" असं विचारणं, हे तुमच्या घरात तुम्ही करू शकता आणि तुमच्या समितीतही.

बाबांना सांगायला हवं, पण मुलाच्या पाठीमागे नको. "मी बाबांना सांगणार आहे, तू बरोबर असशील तर बरं" असं म्हणा. दोघं मिळून सांगा.

आणि ती कपाटातली वस्तू. तिच्यात लिथियमची बॅटरी आहे आणि निकोटिन हे विष आहे. ती घरच्या कचऱ्यात टाकू नका, द्रव मोरीत ओतू नका, लहान मुलाच्या हाती लागेल अशी ठेवू नका. घातक किंवा इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. ही वस्तू कुठे द्यायची हे तुम्हाला शोधावं लागणार असेल, तर तुमच्या समितीसाठी पहिलं काम इथेच सापडलं. शाळेत एक बंद पेटी ठेवा. नाव नाही, प्रश्न नाही, टाकायचं आणि जायचं.

आता समितीकडे येते, आणि इथे मला थोडं कठोर बोलायचं आहे. त्यातलं काही मला स्वतःलाही लागू आहे. अशाच एका कार्यक्रमासाठी मी फुप्फुसांच्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं होतं. ते संपल्यावर नववीतला एक मुलगा थांबला. म्हणाला, "बाई, हे सगळं मला माहीत आहे. पण थांबायचं कसं, ते कुठे लिहिलंय?" ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तुमच्या यादीतली फेरी आणि शपथ यांनी नुकसान होत नाही, पण त्यावर समितीचा सगळा दम खर्च होतो आणि १ जूनला सगळे घरी जातात. भीतीच्या व्याख्यानात धोका वेगळा आहे. २०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसांच्या गंभीर इजेची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण दवाखान्यांत भरती झाले होते आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली होती. व्याख्याते हे आकडे हमखास सांगतात. त्यातले बहुतेक रुग्ण टीएचसीचा, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचा, द्रव ओढणारे होते आणि त्या द्रवात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे मुख्य कारण निघालं, हे मात्र सांगायचं राहून जातं. मुलांच्या हातात मोबाइल असतो, ती पाच मिनिटांत शोधतात. मग व्याख्यात्याचं निकोटिनबद्दलचं खरं बोलणंही त्यांच्या लेखी खोटं ठरतं.

दप्तरतपासणी आणि आठवडाभर शाळेबाहेर, हे कृपा करून काढा. तलफ असलेल्या मुलाला आठवडाभर मोकळा वेळ, रिकामं घर आणि भरपूर लाज दिली, तर तो त्या आठवड्यात काय करेल? ज्या मुलांना मदत हवी आहे ती यानंतर तोंड उघडणारच नाहीत. तुमचा मुलगाही दोनदा गुपचूप सोडून बघत होता तो याच भीतीने. अमेरिकन लंग असोसिएशनने अशा शिक्षेऐवजी चार बैठकांचा एक अभ्यासक्रम तयार केला आहे. सापडलेला मुलगा शाळेतच बसतो आणि निकोटिन, तलफ, सोडण्याचे मार्ग याविषयी बोलतो. एवढं तर कुठलीही शाळा एका तयारीच्या शिक्षकाच्या भरवशावर करू शकते.

मग उपयोग कशाचा होतो? अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नीडहॅम या गावाची गोष्ट मी प्रत्येक समितीला सांगते. २००५ साली या एका गावाने तंबाखूविक्रीचं किमान वय २१ केलं. आजूबाजूच्या गावांनी केलं नव्हतं. मुलं शेजारच्या गावात जाऊन घेतील, मग काय फायदा, हे तेव्हा कुणालाही म्हणता आलं असतं. २००६ ते २०१० या काळात तिथल्या शाळकरी मुलांमधलं सिगारेट ओढण्याचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. शेजारच्या १६ गावांत ते १५ वरून १२ वर आलं. म्हणजे दोन्हीकडे घट होती, पण नीडहॅमची बरीच मोठी. १५ वर्षांचं मूल दर वेळी शेजारच्या गावी जात नाही. हाताशी नसलं की पुष्कळदा राहूनच जातं. पुढे २०१९च्या डिसेंबरात सगळ्या अमेरिकेचं किमान वय २१ झालं.

कायदे देशोदेशी वेगळे आहेत. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदीच आहे. युरोपीय संघात विक्री चालते, पण एका मिलिलिटर द्रवात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन असता कामा नये. तुमच्याकडे जो कायदा असेल तो कागदावरून शाळेभोवतीच्या रस्त्यावर आणणं हे स्थानिक समितीचंच काम आहे. वस्तू कुठून येते, हे मुलाला दरडावून विचारायचं नाही, समितीने शोधायचं. दुकान, ऑनलाइन मागवणं, की वरच्या वर्गातली मुलं? प्रत्येकाला उपाय वेगळा. फ्लेवरवरही नजर ठेवा. अमेरिकेत २०२४ साली व्हेप ओढणाऱ्या शाळकरी मुलांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक मुलं फ्लेवरवालंच ओढत होती.

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात १९९८ साली तंबाखूविरोधी मोहीम मुलांच्याच हाती दिली गेली. त्यांनी फुप्फुसांबद्दल फारसं न बोलता, कंपन्या आम्हाला कसं गळाला लावतात हे उघड करायचं ठरवलं. दोन वर्षांत सिगारेट ओढणाऱ्या मुलांचं प्रमाण सहावी ते आठवीत १८.५ वरून ११.१ टक्क्यांवर आलं आणि नववी ते बारावीत २७.४ वरून २२.६ वर. या वयाच्या मुलांना आपल्याला कुणीतरी फसवतंय हे कळलं की फार राग येतो, आणि तो राग चांगल्या कामाला येतो. म्हणून व्याख्यात्याऐवजी आठ-दहा मुलं समितीत घ्या. सोडलेली असतील तर फारच उत्तम. एक पथ्य मात्र पाळा: तंबाखू किंवा व्हेप कंपनीने देऊ केलेला शालेय कार्यक्रम, कितीही गुळगुळीत छापलेला असला तरी, घेऊ नका.

आइसलँडने तर प्रश्नाचं टोकच बदललं. तिथे दरवर्षी मुलांना निनावी प्रश्नावली देतात आणि काही आठवड्यांतच निकाल त्या त्या शाळेला, त्या त्या वस्तीला परत करतात, म्हणजे आपल्या मुलांचं काय चाललंय हे पालकांना आकड्यांत दिसतं. मग दुपार-संध्याकाळ भरायची: खेळ, संगीत, नाच, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना सरकारी मदत. १५-१६ वर्षांच्या मुलांमधलं रोज सिगारेट ओढण्याचं प्रमाण १९९८ साली २३ टक्के होतं, ते २०१६ पर्यंत ३ टक्क्यांवर आलं. अठरा वर्षं लागली. तुमच्या समितीत पैसा नसेल, पण निनावी प्रश्नावलीला कागद आणि विश्वास एवढंच लागतं. ती दप्तरतपासणीच्या आधी द्या. नंतर कुणी खरं लिहिणार नाही.

व्हेपिंगची लाट ओसरूच शकत नाही, असं कुणी बैठकीत म्हणालं तर हे आकडे ठेवा. अमेरिकेतल्या नववी ते बारावीच्या मुलांमध्ये २०१९ साली २७.५ टक्के मुलं व्हेप ओढत होती. २०२४ साली ७.८ टक्के. त्यामागे कुठलं एकच कारण नाही. वय, फ्लेवर, मोहिमा, मदतीच्या फोनसेवा, शाळा असं बरंच काही एकाच वेळी चाललं होतं. आता निकोटिनच्या ओठाखाली ठेवायच्या पुड्या आल्या आहेत, ज्यांना धूर नाही आणि वासही जेमतेम. तेव्हा समितीने फक्त व्हेपचं नाव घेऊन चालणार नाही.

राहिला तुमचा पहिला प्रश्न. समिती सोडू नका. त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी हा प्रश्न घरात आल्यावर पोटात काय होतं हे बहुधा तुम्हालाच माहीत आहे. इतरही कुणाला माहीत असेल, ते बोलत नसतील. पुढच्या बैठकीत शिक्षेचा मुद्दा पुन्हा चर्चेला घ्या आणि त्यासाठी वर केलेला तो हात खाली घ्या. कारण विचारतील. ते सांगण्याआधी मुलाला विचारा. त्याने चालेल म्हटलं तरच घरची गोष्ट सांगा. नको म्हणाला तर "मी यावर वाचलं, माझं मत बदललं" एवढंच बोला. ते खरंच आहे. कोण, कुठे, कसं, यातलं काहीही त्याच्या परवानगीशिवाय त्या खोलीत जाऊ देऊ नका. त्याने तिसऱ्यांदा प्रयत्न करायचा आहे, आणि या वेळी त्याला ते तुम्हाला सांगून करता यायला हवं.